थंड माप

जे. पी. नगर, बेंगळूर
९ जानेवारी २०२४

चि. योगीराज यास,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझी वहिनी गेली तेव्हा बेळगावहून तुझं कार्ड आलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. त्याच आठवड्यात उत्तर लिहायला बसलो होतो. "तुझं कार्ड मिळालं" एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते कळेना. तो कागद अजून मशीनच्या खणात आहे, तेलाने पिवळा पडलाय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मराठी बाबांनी घरी शिकवलं तेवढंच. पण ते काही खरं कारण नाही. खरं कारण तुलाही ठाऊक आहे.

आपल्या गोजराअक्काने तुझा फोन नंबर दिलाय. दोनदा लावला. एकदा तुझ्या भागुबाईचा आवाज आला, तर मी ठेवून दिला. फोनवर मी ओरडतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र.

लिहायचं कारण असं, की बाबांची जावा मोटरसायकल परत आली आहे.

दचकू नकोस, कोणी मुद्दाम आणलेली नाही. अजिंक्य म्हणून पुण्याचा एक मुलगा आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत नोकरी करतो, तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. मी दुकान बंद केलं तरी सिलिंडर आतून कापायचं बोअरिंगचं मशीन घरामागच्या शेडमध्ये ठेवलंय, हे त्याला कोणीतरी सांगितलं.

"काका, आनेकलला एका रिटायर्ड मास्तरांच्या शेडमध्ये पडून होती. बारा वर्षं स्टार्ट नाही. मला फुल रिस्टोअर करायचीये."

"चालवणार, की हॉलमध्ये ठेवून फोटो काढणार?"

"चालवणार ना! पण सिलिंडर पार झिजलंय. तुम्ही बोअर करून द्या. सगळे म्हणाले, जुन्या गाड्यांचं काम आता तुम्हीच करता."

सगळे म्हणाले ते सोड. मी गाडीकडे बघत होतो. टाकीचा रंग बदललाय, सीट दुसरी आहे. पण किकचा दांडा मी वेल्डिंग केला होता आणि तो स्वल्प वाकडा बसला होता, बाबा त्यावरून महिनाभर हसत होते. तो तसाच वाकडा आहे. मी तिथेच खाली बसून दांड्यावरून हात फिरवत राहिलो. अजिंक्यला वाटलं शुगर कमी झाली, त्याने पळत जाऊन पाणी आणलं.

इंजिन त्यानेच उघडलं. सिलिंडर आणि पिस्टन माझ्याकडे आहेत. पिस्टन तोच, मी बसवलेला. तुम्ही दोघं होसूर रोडवर पडलात तेव्हा होता तोच.

तू होसूरला निघाला होतास, भागुबाईच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. गाडी मी त्याच दिवशी बोअर करून दिली होती. अत्तिबेलेच्या अलीकडे पिस्टन सिलिंडरात जाम झाला, मागचं चाक अडकलं, तुम्ही फेकले गेलात आणि भागुबाईचं डावं मनगट मोडलं. मी हॉस्पिटलात सगळ्यांसमोर म्हणालो, नव्या बोअरवर हळू चालवायची असते, याने गाडी पळवली. तू म्हणालास, पळवली नाही. बस, एवढंच आपलं भांडण. तेहतीस वर्षं.

अजिंक्यला मी म्हटलं, मशीनचा पट्टा बदलायचाय, आठवडा लागेल. पट्टा मागच्याच महिन्यात बदललाय.

योगी, एकदा मशीनचं हत्यार आतून फिरलं की जुन्या बोअरचा मागमूस राहत नाही. आणि त्या दिवशी चूक कोणाची होती, ते त्या लोखंडात अजून शाबूत आहे. न मापता कापून टाकलं तर कोणाला कळणार नाही. मापावं की नाही या विचाराने चार दिवस जेवण जात नाही. सिलिंडर गोणपाटाखाली झाकून ठेवलंय.

भागुबाईला आशीर्वाद सांग. मनगट आता कसं आहे, हे मी कधी विचारलंच नाही.

तुझा,
अण्णा


१३ जानेवारी २०२४

चि. योगीराज यास आशीर्वाद.

मापलं! आधी हे लिहितो, बाकीचं मागून.

आज सकाळी अजिंक्य पट्ट्याची चौकशी करायला आला. मी गोणपाट काढलं. म्हटलं, पट्टा आला, बस इथे.

तू विसरला नसशील, पण त्याला समजावून सांगितलं ते तुलाही लिहितो, म्हणजे मी बरोबर केलं की नाही ते तू बघशील. सिलिंडर झिजतं ते पिस्टनच्या रिंगा घासतात तेवढंच. वरच्या बाजूला तर नख अडकेल एवढी कड तयार झाली आहे. पण अगदी तळाशी, जिथे रिंगा पोचत नाहीत, तिथे बोटभर जागा कोरी राहते. शेवटच्या बोअरला जेवढं कापलं तेवढंच माप तिथे राहतं, कितीही वर्षं गाडी चालवा.

"म्हणजे विमानातल्या त्या डब्यासारखं," अजिंक्य म्हणाला. "ॲक्सिडेंट झाल्यावर शोधतात तो."

मी म्हटलं, तसंच काहीतरी. मापाचं हत्यार मी तीनदा पुसलं. त्याला वाटलं वय झालं.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगतो. बाबांचा नियम आठवतो? बोअर झालेलं सिलिंडर रात्रभर दगडी ओट्यावर ठेवायचं आणि सकाळी मापायचं. कापताना, घासताना लोखंड तापून फुगतं. गरम असताना माप मोठं येतं, थंड झालं की बोअर आवळतं. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये तीन थाव अंतर पाहिजे, इंचाचे तीन हजारावे भाग, केसाएवढं. ते कमी पडलं तर पिस्टन तापून फुगला की जाम होणारच.

त्या दिवशी तुला चारच्या आत होसूरला पोचायचं होतं. तू पेट्रोल आणायला गेलास तेवढ्यात मी गरमच मापलं. तीन थाव आलं. मी ठीक आहे म्हटलं. तू परत आलास, सिलिंडरावर तळवा ठेवलास आणि म्हणालास, "अण्णा, अजून गरम आहे."

मी म्हणालो, "ऊन लागलंय."

योगी, त्या टेबलावर ऊन कधीच येत नव्हतं.

ती एक गोष्ट मी तेहतीस वर्षं पोटात ठेवली. तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितली नाही. कोणी रस्त्यावर गाडी घसरून पडलं असं ऐकलं की मला वाटायचं, माझीच असेल.

आणि आज तळाशी मापलं. चार बाजूंनी मापलं. पिस्टन मापला. अजिंक्यकडून आकडे वाचून घेतले, माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही म्हणून. अंतर तीन थाव! पूर्ण तीन! थंड सिलिंडर, सकाळची वेळ. मी बरोबर होतो. घाई केली पण चूक झाली नव्हती.

मी अजिंक्यला दुसऱ्यांदा चहा पाजला. शुगर असून गुळाचा खडा खाल्ला. एवढं हलकं मला बाबा होते तेव्हाही वाटलं नव्हतं.

तर मग मी हॉस्पिटलात बोललो ते खरं होतं, नाही का. तू पळवली असशील. बारशाला उशीर होत होता, माणूस पळवतो. तेव्हा तू अठ्ठावीसचा होतास. मी तुझ्यावर राग धरून नाही, योगी. मी तुला माफ केलं आहे. तूही आता मनातून काढून टाक. आपण दोघं म्हातारे झालो.

हे पत्र स्वतः जाऊन पेटीत टाकतो, थांबवत नाही.

तुझा,
अण्णा


१६ जानेवारी २०२४

चि. योगीराज,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर उघडू नकोस. मी काल सकाळी पोस्टात गेलो होतो, पेटीतलं पत्र परत द्या म्हणून. संक्रांतीची सुट्टी होती. शटर बंद होतं तरी मी तिथे अर्धा तास उभा होतो. घरी आलो तर कृष्णमूर्ती एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, घेऊन दारात. तोच, कलासीपाळ्यातला स्पेअर पार्टवाला. म्हणाला, "काय हो पद्माकरण्णा, घरचं कोणी गेलं का?"

काय झालं ते नीट लिहितो.

मी तुला पत्र टाकून आलो आणि त्याच दुपारी सिलिंडर बोअर केलं. पुढच्या मापाचा नवा पिस्टन अजिंक्यने आणला होता. कापलं, दगडाने घासलं आणि ओट्यावर ठेवलं, बाबा ठेवायचे तसं. अजिंक्यला घाई होती, मी म्हटलं उद्या ये. सकाळी मापलं. तीन थाव, चारी बाजूंनी.

मग राहिलं ते कोरायचं. बाबांची पद्धत तुला ठाऊकच आहे: सिलिंडरचा तळाचा भाग जो इंजिनात बुडतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला टोच्याने माप, तारीख आणि बोअर करणाऱ्याचं अक्षर. पुढच्या बाजूला बाबांची ओळ आहे, १९७९ची, "गो". तिच्याखाली माझी, फेब्रुवारी ९१, "प". "तीन" असं लिहिलंय मी. तिच्याखाली जागा नव्हती. म्हणून उलटं करून मागची बाजू रॉकेलने पुसायला घेतली. तिथे जुन्या गॅस्केटचा काळा थर बसला होता, खरवडून काढला.

त्याच्याखाली तुझं अक्षर.

"थंड दीड. घासून तीन केलं. २ मार्च ९१. यो."

मी चष्मा पुसला. अजिंक्यला विचारलं, काय लिहिलंय वाच. त्याने वाचलं आणि म्हणाला, "यो म्हणजे कोण, काका?"

माझा भाऊ, मी म्हटलं.

"मग हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, नव्हतं.

तू इंजिन उघडलंस. पडल्यावर, भागुबाईच्या हाताला प्लास्टर असताना. चिकटलेलं ॲल्युमिनियम काढलंस, तळाशी थंड माप घेतलंस. दीड थाव. मी गरम मापून तीन म्हणालो होतो, ते थंड झाल्यावर दीडच उरलं होतं. अर्धं. पिस्टन जाम होणारच होता, तू तीसने चालवली असतीस तरी. मग तू हाताने घासून ते तीन केलंस, म्हणजे ज्याला विकशील तो पडू नये. म्हणून मला शनिवारी तीन मिळालं. ते माझं तीन नव्हतं, तुझं होतं. आणि मी तुला माफ केलं म्हणून लिहिलं!

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भागुबाईच्या भावाने तुझी कॉलर धरली होती. मी चार हातांवर उभा होतो. मध्ये पडलो नाही. कृष्णमूर्तीपण होता, त्याने ती गोष्ट सगळ्या कलासीपाळ्यात सांगितली. भागुबाई ब्लाउज शिवायची, दिवाळीला रांग लागायची तिच्याकडे, ते सगळं बंद पडलं. तिच्या माहेरचे तुझ्याशी बोलेनात. तू बेळगावला फाउंड्रीत गेलास. माप तुझ्याजवळ होतं. माझ्या तोंडावर फेकता आलं असतं. बाबांना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते, दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, गरम मापतात अशी बोंब झाली असती तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गेलं असतं. तू त्यासाठी गप्प राहिलास का? का माझ्यासाठी? का रागाने? मला कळत नाही. पुढच्या बाजूला माझ्या ओळीशेजारी लिहिलं असतंस तर कोणीही वाचलं असतं. तू मागे लिहिलंस.

चूक माझी होती. गरम मापलं, तुला खोटं सांगितलं आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर घातलं. हे पहिल्यांदा लिहितोय. खाडाखोड नाही, बघ अक्षर.

भागुबाईला हे पत्र वाचायला दे. तिची माफी मागायला माझ्याकडे शब्द नाहीत. ती जे म्हणेल ते म्हणू दे.

आणि एक विचित्र वाटेल. ओळ वाचून मला आधी भीती वाटली, मग लाज. पण संध्याकाळपर्यंत मोकळं वाटायला लागलं. इतकी वर्षं वाटत होतं, हे मला एकट्यालाच माहीत आहे. नव्हतंच तसं.

अण्णा


५ फेब्रुवारी २०२४

चि. योगीराज यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलेलं नाही. तीन आठवडे होत आले. पोस्टमन आमच्या गल्लीत साडेअकराला येतो, मी अकरापासून फाटकाशी असतो. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "ताता, विजेचं बिल आहे फक्त, बेसर करू नका, वाईट वाटून घेऊ नका." आता तो लांबूनच मान हलवतो, म्हणजे मला उठावं लागत नाही.

तरी काय काय झालं ते कळवतो.

कृष्णमूर्तीला सांगितलं. त्याच्या दुकानात गेलो, दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. कारण त्यानेही चारचौघांतच सांगितलं होतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अय्यो, मूवत्तमूरु वर्ष! तेहतीस! आणि मी त्या बिचाऱ्याला अत्तिबेले एक्सप्रेस म्हणायचो!"

मी म्हटलं, आता मला म्हण.

"तुम्हाला कसं म्हणू, तुम्ही तर दुकानातून हललाच नाहीत!" तो हसला. मग हिशोबाची वही मिटली. म्हणाला, ज्यांना ज्यांना मी ते सांगितलं त्यातले सात-आठ जण जिवंत आहेत, त्यांना मीच सांगतो. सांगतोय तो. परवा भाजीवाल्याने मला विचारलं, भावाचं काय झालं म्हणून. मला वाईट वाटलं नाही.

गाडी सुरू झाली. अजिंक्यने दुसऱ्या किकला उठवली, त्या वाकड्या दांड्याने. तोच आवाज. शेजारची बाई गच्चीवर आली बघायला. अजिंक्य म्हणाला, "काका, पहिली राइड तुमच्यासोबत." मी नको म्हटलं, पाय चढत नाहीत, चक्कर येते, हेल्मेट डोक्याला होत नाही. त्याने काही ऐकलं नाही. मी अट घातली: चाळीसच्या वर काटा गेला तर मी उतरेन. "चालत्या गाडीवरून?" म्हणाला. मी म्हटलं, हो.

होसूर रोडने गेलो. वरून आता पूल आहे, सगळे वरून जातात. आम्ही खालून गेलो. बस, लॉऱ्या, सगळे हॉर्न देऊन पुढे जात होते, एका स्कूटरवाल्या मुलीने मागे वळून बघितलं. बोम्मसंद्रापर्यंत मी डोळे मिटून होतो. माझं सगळं लक्ष मांडीखालच्या इंजिनाकडे, कुठे आवळतंय का. आवळलं नाही. अत्तिबेलेच्या अलीकडे मी त्याला थांबायला सांगितलं. ती जागा ओळखू येत नाही, तिथे आता टायरचं दुकान आहे. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. इंजिन थंड होईपर्यंत थांबायचं असं अजिंक्यला सांगितलं, नव्या बोअरला बरं असतं. तसं ते खरंही आहे. तो नारळपाणी प्यायला गेला. मी एकटाच होतो तेव्हा तुझी आणि भागुबाईची माफी मागितली. मोठ्याने मागितली, गाड्यांच्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नाही.

परत येतानाही जाम झाली नाही.

सिलिंडरवर मी काय कोरलं ते लिहायचं राहिलं. पुढे नाही, मागे, तुझ्या ओळीखाली. "थंड तीन. १४ जाने २४. प." आणि समोरची माझी जुनी ओळ आहे ना, "तीन" म्हणणारी, तिच्यापुढे "गरम" असा शब्द घातला. जागा थोडी होती, पण बसला. आता पुढे जो कोणी उघडेल त्याला दोन्ही बाजू वाचता येतील.

काल गोजराअक्काचा फोन आला. ती म्हणाली, भागुबाईने तिला सांगितलं की माझं दुसरं पत्र वाचून तू दोन दिवस नीट जेवला नाहीस, आणि तिसरं वाचून रात्री दोनदा भाकरी मागून घेतलीस. अक्का एवढं हसत होती की मला आधी काही कळेना. आणि भागुबाईला माझ्या पत्रातूनच पहिल्यांदा कळलं म्हणे! तिलासुद्धा सांगितलं नव्हतंस, योगी? बायकोलासुद्धा? अक्का म्हणाली, ती माझ्यावर रागावली आहे, पण तुझ्यावर त्याहून जास्त. "मोठे भावजी घाबरट, ते मला पहिल्यापासून माहीत होतं," म्हणाली, "पण याने माझ्या भावाला कॉलर धरू दिली आणि मी इतकी वर्षं यालाच बोलत आले!" तुला घरात बोलणी बसताहेत ती माझ्यामुळे. सांभाळून घे.

अक्काने हेही सांगितलं की तू उत्तर लिहायला बसतोस आणि कागद बाजूला ठेवतोस. ते मला कळतं. माझाही एक कागद सहा वर्षं खणात आहे.

म्हणून या पाकिटात पोस्टाचं एक कार्ड घातलंय. पत्ता मीच लिहिलाय, तुला फक्त मागची बाजू भरायची आहे. मोठं पत्र नको. टोच्याने कोरायचास तसं चार शब्द लिही. रागाचे असले तरी चालतील. खाली तुझं अक्षर टाक, म्हणजे मला पुरे.

पण आजच टाक. मी एकाहत्तरचा आहे, आणि साडेअकराला फाटकाशी उभा असतो.

तुझा,
अण्णा